कॅरिअर, कडेवर आणि बाळाचा खुबा: पुरावा नेमका कशाचा आहे?

‘बाळाला कॅरिअरमध्ये घ्या, खुबे चांगले होतात, संशोधनानं सिद्ध झालंय.’ नव्या आईबाबांच्या कानावर हे वाक्य हल्ली सारखं पडतं. कळव्यात स्टेशनचा जिना चढायचा किंवा बाजारातून वाट काढायची तर बाबागाडीपेक्षा कॅरिअर सोयीचं, यात वाद नाही. वाद आहे तो ‘सिद्ध झालंय’ या शब्दांबद्दल. मी डॉक्टर नाही, पीएचडी करतेय. पण पेपर वाचून त्यातलं कच्चं-पक्कं वेगळं करणं हे माझं रोजचं काम. तर आज तेच करू.

आधी खुबा समजून घेऊ

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. जन्माच्या वेळी ही वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. गोळा जागेवर असेल तर त्याच्याभोवती वाटी खोल आणि गोल होत जाते. गोळा सरकलेला असेल तर वाटी उथळ राहते. या दोषाला डेव्हलपमेंटल डिसप्लेशिया ऑफ द हिप, थोडक्यात डीडीएच म्हणतात. तान्ह्या बाळाला यात सहसा काही दुखत नाही, म्हणून घरच्यांना कळतही नाही. कळतं ते मूल चालायला लागून लंगडतं तेव्हा. आणि तोवर पट्ट्यांनी होणारं काम बऱ्याचदा ऑपरेशनवर गेलेलं असतं.

मलावीचा पेपर

कॅरिअरच्या बाजूनं सगळ्यात जास्त दाखवला जातो तो २०१५ साली ‘जर्नल ऑफ पेडियाट्रिक ऑर्थोपेडिक्स’मध्ये आलेला पेपर. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका अस्थिरोग रुग्णालयात दहा वर्षांत सोळा वर्षांखालची ४०,६८३ मुलं आली; त्यात डीडीएचसाठी शस्त्रक्रिया झालेली फक्त ९. मलावीत आया बाळाला पाय फाकवून पाठीशी बांधतात, त्यामुळेच हा आकडा इतका कमी असावा, असं लेखकांचं म्हणणं.

आकडा बोलका आहे, पण प्रश्न विचारा. हे ४०,६८३ म्हणजे रुग्णालयात आलेली मुलं, जन्मलेली सगळी बाळं नव्हेत. ज्यांचा दोष सौम्य होता, किंवा ज्यांच्या गावापासून रुग्णालय लांब होतं, ती मुलं या मोजणीत आलीच नाहीत. दुसरं, जिथे जवळपास सगळ्याच आया बाळाला पाठीशी बांधतात, तिथे न बांधणाऱ्यांशी तुलना करणार कशी? मग श्रेय बांधण्याला द्यायचं की आनुवंशिकतेला, हे या माहितीवरून वेगळं करता येत नाही. लेखकांनी शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवलंय. जाहिरातीत येईपर्यंत ते गळून पडतं.

२२ बाळांचा प्रयोग

दुसरा पेपर अमेरिकेतला. २२ निरोगी बाळांना वेगवेगळ्या साधनांत ठेवून त्यांच्या खुब्याची ठेवण आणि स्नायूंची हालचाल मोजली. आईकडे तोंड करून कॅरिअरमध्ये बसलेल्या बाळाची ठेवण पावलिक हार्नेसमधल्या ठेवणीशी बरीच जुळली. (पावलिक हार्नेस म्हणजे डीडीएचवर उपचार म्हणून वापरतात तो पट्ट्यांचा पोशाख, चेक डॉक्टर अर्नोल्ड पावलिक यांच्या नावाचा.)

मोजमाप छान आहे. पण ठेवण सारखी म्हणजे परिणाम सारखा, असं नाही. हार्नेस डॉक्टर मापानं बसवतात, तो दिवसाचा बहुतेक वेळ, कित्येक आठवडे अंगावर असतो आणि मधूनमधून सोनोग्राफी करून खुबा पाहिला जातो. आपण कॅरिअर घालतो तास-दोन तास. शिवाय ही बाळं निरोगी होती. त्यांच्यापैकी कुणाचा डीडीएच टळला का, हे या प्रयोगानं विचारलेलंच नाही.

मग भक्कम काय आहे?

भक्कम पुरावा आहे तो उलट बाजूचा: पाय सरळ करून आवळून बांधणं वाईट. जपानमध्ये १९७५च्या सुमाराला बाळांचे पाय सरळ करून गुंडाळू नका, अशी देशभर मोहीम झाली. आधी शंभरात एक ते साडेतीन असलेलं प्रमाण नंतर हजारात दोनच्या आसपास आलं. हीसुद्धा आधी-नंतरची तुलनाच, पण फरक मोठा आहे आणि दुसरीकडचे पुरावे त्याला धरून आहेत. २०१२ मध्ये उंदरांच्या नवजात पिल्लांचे मागचे पाय सरळ बांधून पाहिले, तेव्हा लवकर आणि जास्त दिवस बांधलेल्यांचे खुबे जास्त बिघडले.

आता आपल्याकडे बघा. ‘आपण बाळाला कडेवर घेतो, आपल्याला काय काळजी?’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. कडेवरची ठेवण खरंच चांगली: पाय फाकलेले, गुडघे दुमडलेले. पण कडेवर बाळ येतं ते मान धरल्यावर, म्हणजे चौथ्या महिन्याच्या आसपास. खुबा सगळ्यात नाजूक असतो तो त्याआधी, आणि नेमके तेच आठवडे बऱ्याच घरांत दुपट्यात घट्ट गुंडाळून जातात. आजीशी भांडायची गरज नाही. दुपटं वरून नीट गुंडाळा, खाली पाय बेडकासारखे हलतील एवढी जागा सोडा. बस.

लेबलचा अर्थ

इंटरनॅशनल हिप डिसप्लेशिया इन्स्टिट्यूट ही संस्था काही कॅरिअरना ‘हिप हेल्दी’ अशी मान्यता देते. त्याचा अर्थ इतकाच की त्यात खुब्याची ठेवण योग्य राहते. ‘हे वापरलं की डीडीएच होणार नाही’ असा नाही. कॅरिअर जरूर घ्या. मांडीला गुडघ्यापर्यंत आधार, गुडघे ढुंगणापेक्षा वर, हनुवटी छातीला टेकलेली नाही आणि नाक मोकळं, एवढं पाहा. फक्त त्याला तपासणीची जागा देऊ नका.

माझा खरा आक्षेप इथेच आहे. साडेतीन हजारांचं कॅरिअर घेतलं म्हणजे खुब्याची काळजी मिटली, असं वाटलं तर नुकसान बाळाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच झाली, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत डीडीएच पहिल्यापासून आहे. भारतातल्या बाल-अस्थिरोग तज्ज्ञांच्या संघटनेनं आखलेली पद्धतही साधी आहे: जन्मल्यावर आणि मग चालेपर्यंत प्रत्येक लसीच्या वेळी हातानं तपासणी, जोखीम असेल तर सहाव्या आठवड्यापर्यंत सोनोग्राफी.

जोखीम कुणाला? पायाळू बाळांना (पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते म्हणतात, खुब्याचं मात्र कुणी सांगत नाही), आणि आईबाबांना किंवा भावंडांना हा त्रास असेल तर. मुलींमध्ये आणि पहिलटकरणीच्या बाळांतही प्रमाण जास्त दिसतं.

म्हणून पुढच्या लसीला जाल तेव्हा, मग ते कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय असो की गल्लीतला दवाखाना, डॉक्टरांना एवढंच म्हणा: ‘एकदा खुबे बघता का?’ लंगोट सोडून, मांड्या फाकवून पाहायला एक-दोन मिनिटं लागतात. एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडत असेल तर ‘मोठं झाल्यावर होईल ठीक’ यावर थांबू नका, बाल-अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवा.