दहा टक्क्यांच्या आतली उचलेगिरी

वाङ्मयचौर्याबद्दल बोलणं निघालं की संशोधनाच्या तयारीतले विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात, "किती टक्के चालतं?" उत्तर सोपं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. त्याच्याही वर गेलात तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायदे, प्रमाण समीकरणं हे सगळं मोजणीतून वगळतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही वगळतात.

हे लक्षात ठेवा, उपयोगी पडेल. पण याच विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्याही दिली आहे आणि ती फारसं कुणी वाचत नाही. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणं, असा तिचा आशय. यातला 'कल्पना' हा शब्द नीट बघा. व्याख्या कल्पनेपर्यंत जाते आणि शिक्षेचा तक्ता मात्र मजकुरातलं साम्य मोजून थांबतो. माझा आक्षेप इथे आहे. जे मोजता येतं तेवढंच शिक्षेला पात्र ठरलं, आणि हळूहळू आपल्याला तेवढंच चूक वाटायला लागलं. मग रिपोर्ट २३ टक्के आला की विद्यार्थी रात्रभर बसून 'महत्त्वाचे' चं 'मोलाचे' आणि 'परिणाम' चं 'प्रभाव' करत राहतो. सकाळी ९ टक्के येतात. मुद्दा जिथून उचलला होता तिथलाच राहतो.

पटवून देणाऱ्या निबंधात हे सगळ्यात जास्त बोचतं, कारण अशा निबंधात मुद्दा हाच माल असतो. एक उदाहरण घेऊ. विषय आहे : 'सरकारने उच्च शिक्षणाआधी प्राथमिक शिक्षणावर खर्च करावा का?' विद्यार्थी लिहितो, "राज्याचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, पण शिक्षणावरच्या खर्चाचा फायदा वरच्या वर्गाला मिळतो." वाक्य त्याचं स्वतःचं आहे. सॉफ्टवेअर शून्य टक्के दाखवेल. पण हा युक्तिवाद महात्मा जोतीराव फुल्यांचा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी तो मांडला आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणीही केली.

आता विचारा, नाव गाळून विद्यार्थ्याने काय कमावलं? काहीच नाही, उलट गमावलंच. नाव नसताना ते वाक्य एका विद्यार्थ्याचं मत आहे. नाव घातलं की तेच वाक्य वसाहतीच्या काळात, सरकारी आयोगासमोर, पुण्यात मुलींसाठी शाळा काढलेल्या माणसाने दिलेली साक्ष होते. वाचकाला पटण्याची शक्यता कितीतरी वाढते. शिवाय पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो : १८८२ चा हा युक्तिवाद आज, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर, किती टिकतो? कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, मग फुल्यांच्या म्हणण्यातलं काय पूर्ण झालं आणि काय उरलं? या प्रश्नाचं उत्तर तुमचं स्वतःचं असेल. श्रेय दिल्यामुळेच तुमची जागा कुठे सुरू होते ते दिसतं. चोरलेल्या मुद्द्याच्या पुढे जाता येत नाही, कारण तो दुसऱ्याचा आहे हे आधी कबूलच केलेलं नसतं.

याच उदाहरणात अजून एक खाच आहे. फुल्यांचं ते निवेदन इंग्रजीत आहे. म्हणजे त्यातलं एखादं वाक्य मराठीत अवतरणचिन्हांत दिसलं, तर ते कुणीतरी केलेलं भाषांतर असतं. भाषांतर तुम्ही केलं असेल तर तसं लिहा, दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव द्या. आणि निवेदन न वाचता एखाद्या अभ्यासकाच्या पुस्तकातून तो उतारा घेतला असेल, तर त्या पुस्तकातून उद्धृत केल्याचं सांगा. मूळ वाचल्याचा आव आणणं हीसुद्धा उचलेगिरीच.

मराठीत लिहिणाऱ्यांना भाषांतराचा मोह जास्त. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणला की सॉफ्टवेअरला बहुधा तो सापडत नाही आणि गाईडलाही नवा वाटतो. भाषा बदलली म्हणून मालक बदलत नाही.

काही जण म्हणतात, आपल्या परंपरेत कुठे होतं हे श्रेय वगैरे? होतं की. अभंगातली नाममुद्रा काय सांगते? संत एकनाथांनी तर 'एका जनार्दनी' म्हणत स्वतःच्या नावाशेजारी गुरूचं नाव कायमचं ठेवलं. ऋण कुणाचं आणि बोलतंय कोण, हे दोन शब्दांत कळतं. तळटीप यापेक्षा वेगळं काही करत नाही.

मग करायचं काय? टिपणं काढतानाच तीन खुणा ठेवा. जसंच्या तसं उतरवलं असेल तर अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक. दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत लिहिलं असेल तर त्याचं नाव आणि पान क्रमांक. स्वतःला सुचलं असेल तर समोर 'मी'. महिन्याभराने वही उघडल्यावर कोणतं वाक्य कुणाचं हे आठवत नाही, आणि बरीचशी उचलेगिरी तिथेच घडते. दुसऱ्याचं म्हणणं लिहिताना पुस्तक मिटा. समोर उघडं पुस्तक असलं की हात शब्द बदलतो, वाक्याचा सांगाडा तसाच ठेवतो. लिहून झालं की पुस्तक उघडून ताडून बघा. सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, हे सरळ लिहा. पण तो कायदा कुठे कमी पडला हे कुणाचं तरी मत असतं. तुमचं नसेल तर ज्याचं आहे त्याचं नाव हवंच.

शेवटी एक चाचणी. निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदापुढे समासात लिहा : हा मुद्दा कुणाचा? सगळीकडे दुसऱ्यांची नावं आली तर घाबरू नका, एवढं वाचलंत हे चांगलंच आहे. फक्त तुमचा निबंध अजून सुरू झालेला नाही. सगळीकडे 'मी' आलं तर मात्र पुन्हा एकदा बघा. एकतर तुम्ही काही वाचलेलं नाही, नाहीतर कुणाचं तरी नाव गाळलंय. यातलं नेमकं काय झालंय, हे १० टक्क्यांचा रिपोर्ट सांगणार नाही. ते तुम्हालाच ठाऊक असतं.