सुखाचा अपूर्णांक : शोपेनहौएर, टिळक आणि एक पेन्सिलीची खूण

‘निराशावादी’ हा शब्द मराठीत तत्त्वज्ञानापेक्षा शेरेबाजीतच जास्त वापरला जातो. तो एकदा चिकटला की त्या माणसाचे पुढचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. आर्थर शोपेनहौएरचे (१७८८–१८६०) आपल्याकडे असेच झाले आहे.

डांझिगच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. १८०५ मध्ये वडील गेले; ती बहुधा आत्महत्या होती. १८२० मध्ये बर्लिनला त्याने हट्टाने हेगेलच्या तासाच्याच वेळी आपली व्याख्याने लावली आणि वर्ग जवळजवळ ओस पडला. कीर्ती मिळाली ती १८५१ नंतर. जगाच्या मुळाशी आंधळी इच्छा आहे. ती अपुरी राहिली तर दुःख, पुरी झाली तर कंटाळा, हा त्याचा सिद्धान्त.

सामान्य मराठी वाचकाला तो भेटतो ‘गीतारहस्या’त. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या या ग्रंथातल्या सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात टिळक शोपेनहौएरचा अपूर्णांक मांडतात. अंशस्थानी भोगलेले सुख, छेदस्थानी सुखाची इच्छा. अंश वाढतो, पण छेद त्याहून वेगाने वाढतो. माणसे आत्महत्या करीत नाहीत म्हणजे जग सुखाचेच असले पाहिजे, हा युक्तिवादही टिळक नाकारतात. म्हणजे निदान त्यांना मान्य आहे. मतभेद उपचारात आहे. शोपेनहौएर इच्छेच्या निरासापाशी थांबतो. टिळक असंतोषाला ऐश्वर्याचे मूळ मानणाऱ्या महाभारताकडे वळतात आणि इच्छा नव्हे, फलाची आसक्ती सोडा म्हणतात.

इथवर अभ्यासकांना ठाऊक आहे. माझा आक्षेप आपल्या वाचनावर आहे. अपूर्णांक लक्षात ठेवून आपण शोपेनहौएरचे नीतिशास्त्र विसरलो. अपूर्णांकात फक्त माझे सुख आणि माझी इच्छा मावते. शेजाऱ्याच्या दुःखाला तिथे रकानाच नाही. तो रकाना शोपेनहौएरने करुणेत ठेवला, आणि करुणेचा आधार म्हणून ‘तत्त्वमसि’ घेतले. त्याचा अनुयायी पाउल डॉयसन यानेही फेब्रुवारी १८९३ मध्ये मुंबईत, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे, शेजाऱ्यावरील प्रेमाचे कारण याच वाक्यात दाखवले. टिळकांची आत्मौपम्यदृष्टी यापासून फार दूर नाही. संन्यास आणि कर्मयोग यांच्या वाटा फुटतात, पण दोन्ही निघतात एकाच उंबरठ्यावरून.

हे मला ग्रंथालयात उमगले नाही. घाटकोपरच्या आमच्या चाळीत पुनर्विकासाची सभा भरली, तेव्हा सगळे नव्या घराचे चौरस फूट मोजत होते. अण्णांनी एवढेच विचारले, की तळमजल्यावर पोटभाड्याने राहणाऱ्या म्हातारीचे नाव यादीत नाही, ती कुठे जाणार? “अण्णा, तुम्ही कायमचे निराशावादी,” असे म्हणून लोक हसले. त्यांत मीही होतो. म्हातारी पुढे कुठे गेली, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

अण्णांच्या पश्चात त्यांचे ‘गीतारहस्य’ माझ्याबरोबर मुलुंडला आले. त्या अपूर्णांकाशेजारी समासात पेन्सिलीने एकच शब्द आहे : ‘कोणाचे?’

निराशावादाला दिलेले याहून नेमके उत्तर माझ्या वाचनात नाही. फक्त ते उत्तर आहे की प्रश्न, हे मला अजून ठरवता आलेले नाही.