सांधे नसलेले राक्षस

'गंडम जीक्वाक्स'च्या शेवटच्या भागात तो जुना पांढरा गंडम समोर उभा ठाकतो आणि बघता बघता वाढू लागतो. अठरा मीटरचं यंत्र. ना कुठला भाग येऊन जोडला जातो, ना कुठली बिजागरी उघडते. नुसतं फुगत जातं. पडद्यावर तेव्हा प्रेम, समांतर विश्वं, अश्रू असं बरंच काही चाललेलं असतं. माझी नजर मात्र कपाटाकडे गेली. तिथे याच गंडमचं १/१४४ मापाचं किट उभं आहे, साडेबारा सेंटिमीटरचं. आता याचं माप काय धरायचं?

२०२५ सालची ही बारा भागांची मालिका टाकाऊ मुळीच नाही. शत्रूचा वैमानिक शार गंडम पळवतो, त्याचं झिऑन राष्ट्र युद्ध जिंकतं आणि इतिहास तिथून दुसऱ्या रुळावर जातो, ही कल्पना झकास आहे. पण अखेरीस दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकींनी यंत्राचं भूत केलं, आणि जाणत्या मंडळींनी माना डोलावल्या: बघा, रोबोंची मालिका कशी खेळण्यांच्या वर उठली! हे 'वर उठणं' मी पंचवीस-तीस वर्षं ऐकतो आहे. माझं मत नेमकं उलट आहे. अवाढव्य यंत्रमानवांची ही कला जेव्हा जेव्हा खेळण्यांना लाजली, तेव्हा तेव्हा तोंडावर आपटली.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' लागायचा. मनगटावरच्या घड्याळात बोलणारा पोरगा आणि त्याचं निमूट ऐकणारा, इजिप्तच्या फॅरोसारख्या तोंडवळ्याचा रोबो. मालिका १९६७ सालची होती, पण आम्हाला सनावळी कोण सांगणार! आत पोशाख घातलेला माणूस आहे हे तेव्हाही दिसायचं. पण माणूस होता म्हणूनच पाऊल टाकताना त्याला तोल सावरावा लागे, गुडघा वाके, आणि खोटी का होईना, इमारत खरोखर कोसळे. पुढे आलेल्या कित्येक महागड्या चित्रपटांत मला तो वाकणारा गुडघा सापडलेला नाही.

'तेत्सुजिन २८' हा रोबो दूरनियंत्रकावर चालायचा. यंत्र ज्याच्या हाती, त्याचं. गो नागाईंच्या 'माझिंगर झेड'मध्ये १९७२ साली कोजी आपलं छोटं यान थेट रोबोच्या डोक्यात उतरवतो आणि यंत्र जागं होतं. डोक्यात यान बसतं, म्हणजे तिथे खाच आहे. खाच आहे म्हणजे माप आहे. दोन वर्षांनी पोपी कंपनीने 'चोगोकिन' नावाची ओतीव धातूची खेळणी काढली. चोगोकिन हा माझिंगरच्या कथेतला काल्पनिक धातू. त्याचं नाव खऱ्या खेळण्याला मिळालं आणि हा रोबो जड आहे म्हणजे काय, ते पोरांच्या तळहाताला कळलं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: या सगळ्या मालिका म्हणजे अर्ध्या तासाच्या जाहिराती होत्या. होत्याच. खेळणी विकणाऱ्यांच्या पैशावरच त्या चालत. पण त्या व्यवहाराची दुसरी बाजूही बघा. दर भागात रोबो दिसला पाहिजे, लढला पाहिजे, एवढं सांभाळलं की बाकी मैदान मोकळं. त्याच मैदानात योशियुकी तोमिनोंनी १९७७ साली 'झाम्बॉट ३' केली. तिच्यात ज्यांना वाचवायचं तेच लोक नायकाच्या घराण्याला शिव्या घालतात आणि शेवटाकडे एकेक जण मरत जातो. प्रायोजक खेळणी विकत होता आणि पडद्यावर पोरं मरत होती. अशी सवलत कुठल्या अनुदानित कलेला मिळाली असेल तर मला दाखवा.

आता १९७९ची गोष्ट, जी सगळे अर्धीच सांगतात. प्रायोजक क्लोव्हरची खेळणी खपली नाहीत, म्हणून तोमिनोंचीच 'मोबाइल सूट गंडम' बावन्नऐवजी त्रेचाळीस भागांतच गुंडाळली गेली. इथे थांबलं की बाजार खलनायक ठरतो. पण जुलै १९८०मध्ये बांदाईने ३०० येनांचं १/१४४ मापाचं किट आणलं आणि गंडम पुन्हा जिवंत झाला. क्लोव्हरने गंडमला माझिंगरसारखा विकला होता; बांदाईने त्याला रणगाड्या-विमानांच्या मॉडेलसारखं माप दिलं. माप आलं की शेजारी त्याच मापाचा माणूस उभा करता येतो, त्याच मापाचा शत्रू ठेवता येतो. पोरांनी तर झाकूसुद्धा विकत घेतले. शत्रूचे, कारखान्यातून शेकड्यांनी निघणारे, बिनचेहऱ्याचे झाकू! तोमिनोंना जे युद्ध दाखवायचं होतं, ते त्या तीनशे येनांच्या डब्यांनी घराघरांतल्या टेबलांवर मांडलं.

जी-आर्मरचं काय, असं विचारणारे विचारतीलच. खेळणीवाल्यांच्या आग्रहाने गंडमला चिकटवलेलं ते जोडयान तोमिनोंनी १९८१-८२च्या चित्रपटांतून काढून टाकलं आणि त्या जागी कोअर बूस्टर आणला. बरोबरच केलं, ते उपरं होतं. पण काढलं ते ठिगळ. धडात बसणारं कोअर फायटर ठेवलं, आणि पांढरा-निळा-लाल अंगरखाही तसाच ठेवला. खेळण्यातलं काय टाकायचं नि काय ठेवायचं हे ज्याला कळतं त्याला मी कलावंत म्हणतो. सगळंच टाकणारा केवळ सोवळा.

शोजी कावामोरी घ्या. 'मॅक्रॉस'च्या व्हाल्किरीचं विमानातून रोबो होणं त्यांनी कागदावर रेखाटून सोडलं नाही. लेगोचे ठोकळे हातात घेऊन जुळवून बघणं ही त्यांची कामाची रीत. म्हणून १९८२च्या त्या विमानाचे पाय कुठून येतात हे आजही डोळे मिटून सांगता येतं. अर्धं विमान नि अर्धा रोबो असं ते मधलं गेरवॉक रूप केवळ कल्पनेतून सुचणारं नव्हे. खेळणं उलगडता उलगडता हात मध्येच थांबावा, तसं ते आहे.

पण माझा जीव जडला आहे तो वेगळ्याच वाटेवर. र्योसुके ताकाहाशींच्या 'व्होटम्स'मधला स्कोपडॉग जेमतेम चार मीटरचा. त्याला नाव नाही, देवत्व नाही. एक मोडला की दुसऱ्यात बसायचं. चालक उतरताना तो पाय दुमडून खाली बसतो, कारण चार मीटरवरून माणूस उडी मारणार कसा? हा एक सांधा सुचायला यंत्राविषयी आदर लागतो. आणि मग १९८८ साली सुरू झालेली 'पॅटलेबर'. तिथे आठ मीटरचे इंग्राम ही पोलिसांची वाहनं आहेत. ते ट्रकवर आडवे पडून येतात, वाहतुकीच्या कोंडीत अडकतात, जागेवर पोहोचल्यावर उभे केले जातात. इंग्रामचं रिव्हॉल्व्हर पायात ठेवलेलं. नडगी उघडते, हात लांब होतो, तेव्हा कुठे ते हाती येतं. नोआ आपल्या इंग्रामला अल्फॉन्स म्हणते आणि त्याला ओरखडा गेला तर तिचा जीव तुटतो. पण त्या मालिकेचा आत्मा म्हणाल तर म्हातारे साकाकी आणि त्यांची दुरुस्ती-टोळी. रात्रपाळी, सुटे भाग, खर्चाची कटकट, ग्रीसचे हात. एसटीच्या डेपोत कधी तासभर काढला असेल, तर हे जग तुम्हाला परकं वाटणार नाही.

मामोरु ओशींच्या १९८९च्या चित्रपटात हेच यंत्रजीवन रहस्यकथा होतं: नव्या संगणकप्रणालीत दडवलेला बिघाड, आणि उंच इमारतींतून घोंघावणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाने पिसाळणारे लेबर, म्हणजे तिथले रोबो. १९९३चा दुसरा चित्रपट समीक्षकांचा लाडका. सुंदर आहे, पण त्यात रोबो शोधावे लागतात. ओशींना रोबोंचा कंटाळा आला होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्याला कलेची प्रगती म्हणू नका.

'इव्हान्गेलियन'वर बोललो नाही तर दगड पडतील, म्हणून बोलतो. हिदेआकी अन्नोंनी १९९५ साली इव्हाच्या पाठीत विजेची केबल खुपसली. ती तुटली की पाच मिनिटं. अख्ख्या मालिकेतला मला सर्वांत प्रिय अवयव हाच. नंतरच्या चेल्यांनी केबल फेकून दिली आणि रडणं तेवढं उचललं. त्सुरुमाकी तर तिथे अन्नोंचे सहायक दिग्दर्शक होते. केबलचं मोल त्यांना कुणी सांगायला नको होतं. 'गुरेन लगान'मध्ये रोबो आकाशगंगा भिरकावतात, भिरकावोत बापडे.

चित्रपटांकडे वळलो की रक्तदाबच वाढतो. ट्रान्सफॉर्मर्स हे मुळात टाकाराच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या खेळण्यांतून १९८४ साली जन्मले. आधी सांधे, मग कथा. मायकल बे यांनी २००७ साली ऑप्टिमसला दहा हजारांवर सुटे भाग दिले आणि एकही सांधा दिला नाही. ट्रकचा दरवाजा कुठे गेला ते सांगा, मी हा लेख मागे घेतो. भंगाराच्या वादळातून एक चेहरा वर येतो, त्याला रूपांतर म्हणायचं? त्याउलट २०१८चा 'बम्बलबी'. सुरुवातीच्या सायबरट्रॉनवरच्या लढाईत जुने, ठोकळेबाज, ओळखू येणारे आकार. पुढे गॅरेजात पाना घेऊन त्याला दुरुस्त करणारी मुलगी. दिग्दर्शक ट्रॅव्हिस नाइट आले ते लाइका स्टुडिओतून, म्हणजे बाहुलीचा सांधा हाताने तसूभर हलवून एकेक चौकट टिपणाऱ्यांतून. हा मला योगायोग वाटत नाही. बाहुलीला जीव कुठून येतो हे आपल्या पिंगुळीच्या कळसूत्रीवाल्यांना विचारा. ते दोरी दाखवतील.

संगणकावर खापर फोडू नका. ब्रॅड बर्डच्या 'आयर्न जायंट'मधला तो पोलादी राक्षस १९९९ साली संगणकावरच हलवला होता, आणि हाताने काढलेल्या माणसांत तो अवघडून, जपून चालतो. गियेर्मो देल तोरोंच्या 'पॅसिफिक रिम'मध्ये पावसात भिजलेले येगर नावाचे रोबो एक ठोसा मारायला एवढा वेळ घेतात की आपलाच खांदा भरून येतो. २०१८च्या दुसऱ्या भागात तेच येगर भर उन्हात माकडउड्या मारतात. रजनीकांतच्या 'एंधिरन'मध्ये रोबोंचा गोळा होतो, साप होतो, राक्षस होतो. जत्रा म्हणून मजा आली, पुढे चला. २०२१चा गंडमपट 'हॅथवे' मात्र बघाच. दावाओच्या रस्त्यावर रात्री माणसं पळताहेत, वर दोन यंत्रं भिडली आहेत आणि वितळलेल्या धातूचे थेंब खाली पडताहेत. तिथे रोबोही संगणकाचेच. पण कॅमेरा माणसाच्या उंचीवर आहे, आणि माप कुणी विसरलेलं नाही.

उरला तो 'रूपक' नावाचा बडगा. रोबो म्हणजे बापाचा धाक, अणुबॉम्ब, वयात येण्याची भीती. असेल. पण रूपक व्हायला आधी वस्तू व्हावं लागतं. गुडघाच नसलेला रोबो कुणापुढे गुडघे टेकणार? आमच्या या छंदाला पोरखेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी कधी मास्टर ग्रेडच्या किटचा गुडघा वाकवून पाहावा. आतला सांगाडा वळतो, वरचं चिलखत त्याच्याबरोबर सरकतं. कुणीतरी आधी विचार केला आहे, की हा पाय खरा असता तर इथली पट्टी कुठे गेली असती. एवढा विचार हल्ली पटकथेतही दिसत नाही.

योकोहामाच्या बंदरात डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ खराखुरा हलणारा गंडम उभा होता. अठरा मीटर, सुमारे पंचवीस टन. मी तो चित्रफितींतच पाहिला. पाय उचलतो, हात वर करतो, बोटं उघडतो, सगळं सावकाश. आणि पाठीमागून एका भक्कम आधाराने कमरेशी धरलेला. कित्येक जण हसले: अरे, हा तर स्टँडवरचा गनप्ला, गंडमचं प्लास्टिक किट! अगदी खरं. माझ्या कपाटातलाही तसाच स्टँडवर आहे. पंचवीस टन हवेत तोलायचे तर धरावंच लागतं, आणि धरायचं तर आधी कंबर कुठे आहे ते माहीत असावं लागतं. 'जीक्वाक्स'मधल्या त्या फुगत जाणाऱ्या गंडमला कुणीच धरलेलं नव्हतं. धरणार तरी कुठे?