डेव्हिड अब्राहम चेऊलकर : बहुसांस्कृतिक अभिनय आणि वगळलेले आडनाव

प्रस्तावना

हिंदी चित्रपटसृष्टीत केवळ 'डेव्हिड' या नावाने परिचित असलेले अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांचा जन्म 1909 मध्ये ठाणे येथे एका बेने इस्राएल कुटुंबात झाला. ठेंगणी अंगकाठी, टक्कल, मिस्कील डोळे आणि स्वच्छ उच्चार ही त्यांची ओळख सर्वश्रुत आहे. तथापि हा नट मराठीभाषक ज्यू समाजातून आला होता, याची जाण सामान्य प्रेक्षकाला क्वचितच होती. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनप्रवासाचा आणि निवडक भूमिकांचा विचार बहुसांस्कृतिकतेच्या अंगाने केला आहे. इतरांच्या संस्कृती पडद्यावर समर्थपणे साकारणाऱ्या या नटाला स्वतःच्या संस्कृतीसाठी मात्र तेथे जागा मिळाली नाही, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

सामाजिक पार्श्वभूमी

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आले. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हटले जाई. त्यांनी मराठी ही मातृभाषा म्हणून स्वीकारली आणि गावांच्या नावांवरून आडनावे घेतली. 'चेऊलकर' हे आडनाव चेऊल म्हणजेच आजच्या चौल या प्राचीन बंदराशी नाते सांगते.

इंग्रजी अमदानीत लष्कर, रेल्वे, टपाल आदी खात्यांतील नोकऱ्यांमुळे हा समाज मुंबई-ठाणे परिसरात स्थिरावला. ठाण्यातील टेंभी नाका परिसरातील 'शार हशामायिम' हे प्रार्थनामंदिर 1879 मध्ये उभे राहिले. याच काळात, 1880 च्या सुमारास, बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने रचून सादर करण्यास प्रारंभ केला. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (1931) ज्यांच्या लेखणीतून उतरला ते जोसेफ डेव्हिड पेणकर हेही याच समाजाचे. तात्पर्य, परक्या कथेला आपल्या भाषेत उभे करण्याची परंपरा डेव्हिड यांच्या मागे होती.

भूमिकांचे स्वरूप

कायद्याचे पदवीधर असूनही डेव्हिड यांनी अभिनयाची वाट धरली. 'झांबो' (1937) पासून सुरू झालेली त्यांची कारकीर्द चार दशकांहून अधिक काळ चालली. तिचा उत्कर्षबिंदू म्हणजे राज कपूरनिर्मित, प्रकाश अरोरा दिग्दर्शित 'बूट पॉलिश' (1954). त्यातील जॉन चाचा या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार लाभला. ख्रिस्ती माणूस आणि दारू यांची सांगड घालण्याचा हिंदी चित्रपटाचा रूढ संकेत येथेही आहे, कारण जॉन चाचा चोरटी दारू विकतो. मात्र भीक मागू नका, कष्ट करून खा, हा चित्रपटाचा नैतिक आशय तोच मुलांच्या मनावर ठसवितो. तुरुंगातील विनोदी गाण्यात डेव्हिड आपल्या टकलाचीही थट्टा करू देतात. व्यंग हे हास्याचे निमित्त होते, पण माणूस हास्यास्पद ठरत नाही. त्यांच्या विनोदाचे हेच मर्म होय.

हृषीकेश मुखर्जी यांच्या चित्रपटांत या गुणाला अनुकूल भूमी मिळाली. 'सत्यकाम' (1969) मधील पारशी रुस्तम, 'चुपके चुपके' (1975) मधील हरिपद भैया, 'गोलमाल' (1979) मधील डॉक्टर केदार आणि बासू चटर्जी यांच्या 'बातों बातों में' (1979) मधील वांद्र्याचा अंकल टॉम या व्यक्तिरेखा चार निरनिराळ्या समाजांतील आहेत. 'पडोसन' (1968) मध्ये मेहमूद यांनी दाक्षिणात्य माणूस उच्चारांच्या अतिशयोक्तीतून रंगविला. डेव्हिड यांनी ती वाट टाळली. 'गोलमाल'मध्ये मालकाच्या आवडीनिवडी ओळखून कोणते रूप घ्यावे, याची दिशा नायकाला डॉक्टर केदारच देतात. जन्मभर दुसऱ्यांची रूपे धारण करणाऱ्या नटाच्या वाट्याला हे काम यावे, हे अर्थपूर्ण आहे.

मर्यादा

या यशाची दुसरी बाजूही तपासणे आवश्यक आहे. डेव्हिड यांच्या बहुतेक भूमिका चाचा, मामा, अंकल यांच्या आहेत. ते दुसऱ्यांचे संसार जुळवितात. त्यांचा स्वतःचा संसार, सण किंवा दुःख कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. अल्पसंख्याकाला प्रेमळ वडीलधारा म्हणून सामावून घेण्याची ही रीत सौहार्दाची असली तरी ती त्याला परिघावरच ठेवते. ज्यू पात्र पडद्यावर आले ते बिमल रॉय यांच्या 'यहुदी' (1958) मध्ये, म्हणजे आगा हश्र काश्मिरी यांच्या नाटकाद्वारे प्राचीन रोममध्ये. त्यातील एझराची भूमिका सोहराब मोदी यांनी केली. मराठी बोलणारा, नऊवारी नेसणाऱ्या आईचा ज्यू मुलगा त्या काळच्या लोकप्रिय हिंदी चित्रपटाने कल्पिलाच नाही.

श्रेयनामावलीतून 'चेऊलकर' वगळले गेले, हा केवळ व्यावसायिक सोयीचा भाग मानता येत नाही. 'डेव्हिड' हे नाव ऐकून प्रेक्षकाने त्यांना ख्रिस्ती समजणे स्वाभाविक होते. आडनाव राहिले असते, तर त्या नावाला कोकण चिकटून राहिले असते.

निष्कर्ष

डेव्हिड यांना 1969 मध्ये पद्मश्री मिळाली. पुरस्कार सोहळ्यांचे हजरजबाबी निवेदक म्हणूनही त्यांचा लौकिक होता. 1948 नंतर त्यांच्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. ते स्वतः मात्र कारकीर्द संपेपर्यंत येथेच राहिले आणि उतारवयात कॅनडात आप्तांकडे गेले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी टोरांटो येथे त्यांचे निधन झाले. स्थलांतरिताच्या वंशात जन्मलेला हा नट अखेरीस स्वतःही स्थलांतरित झाला.

महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. सांस्कृतिक स्मृती मात्र शासननिर्णयाने निर्माण होत नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली हा पट्टा स्थलांतरितांनीच घडविला आहे. येथील महाविद्यालयांनी या परिसराचा कलेतिहास अभ्यासताना डेव्हिड यांना हिंदी सिनेमाचा 'चाचा' म्हणून नव्हे, तर ठाण्याचा मराठीभाषक कलावंत म्हणून पाहणे अगत्याचे ठरते. जॉन चाचा, रुस्तम आणि डॉक्टर केदार स्मरणात राहिले आहेत. डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे पूर्ण नावही त्यांच्या शेजारी नोंदविले जाणे आवश्यक आहे.