‘रणांगण’मधील प्रतीकव्यवस्था आणि मानवी अस्मिता

विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) यांची ‘रणांगण’ (१९३९) ही एकमेव कादंबरी. युरोपातून मुंबईमार्गे अतिपूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावरील ज्यू निर्वासित, मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस आणि जर्मन ज्यू तरुणी हॅर्टा यांच्यातील काही दिवसांची उत्कट जवळीक, एवढेच तिचे कथानक. या बोटीकडे महायुद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जगाची लघुप्रतिमा म्हणून पाहता येते. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. बोट जगाचे प्रतिनिधित्व करते त्याहून अधिक ती जगाला काही काळ दूर ठेवते. आणि कादंबरीतील खरे निर्णायक प्रतीक बोट नसून बंदर होय.

हे ध्यानात येण्यासाठी तत्कालीन इतिहास आठवावा लागतो. न्यूरेम्बर्गच्या कायद्यांनी १९३५ मध्ये जर्मन ज्यूंचे पूर्ण नागरिकत्व काढून घेतले. ऑक्टोबर १९३८ पासून त्यांच्या पारपत्रांवर ‘जे’ हे अक्षर उमटू लागले. जानेवारी १९३९ पासून, ज्यांच्या नावांवरून ज्यूपण ओळखू येत नसे अशा स्त्रियांना ‘सारा’ व पुरुषांना ‘इस्राएल’ हे नाव जोडणे सक्तीचे झाले. म्हणजे माणसाची अस्मिता शासनाच्या दप्तरात ठरू लागली. समुद्रावर मात्र या दप्तराची सत्ता सैल पडते. हॅर्टा आणि चक्रधर तेथे केवळ स्त्री आणि पुरुष असू शकतात. त्यांच्या प्रेमाला लाभलेला अवकाश दोन बंदरांमधील पाण्याएवढाच आहे, याचे भान कादंबरीकार कोठेही सुटू देत नाही.

मुंबई येते आणि ओळखपत्रांचे राज्य पुन्हा सुरू होते. येथे एक विलक्षण उपरोध आहे. चक्रधर पारतंत्र्यातील देशाचा प्रजाजन. तरीही उतरण्यासाठी त्याला भूमी आहे. हॅर्टा एका बलाढ्य, स्वतंत्र राष्ट्रात वाढलेली. तिला मात्र कोणताही किनारा आपला म्हणता येत नाही. गुलामाला देश आहे आणि स्वतंत्र राष्ट्राच्या कन्येला नाही, ही विसंगती बेडेकर भाष्य न करता केवळ घटनेतून उभी करतात.

चक्रधराच्या पूर्वायुष्यातील उमाच्या वंचनेचा धागा त्यामानाने ढोबळ वाटतो. त्याच्या कडवटपणाला कारण पुरवण्यापलीकडे तो फारसे काही साधत नाही. त्याचे नाव मात्र अर्थपूर्ण आहे. शीर्षक ‘रणांगण’, नायक ‘चक्रधर’. साहजिकच कुरुक्षेत्रावर शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करणारा, परंतु भीष्मांवर चक्र घेऊन धावून जाणारा कृष्ण आठवतो. येथील चक्रधर धावून जात नाही. तो उतरतो. परवान्यांच्या व्यवस्थेने हॅर्टाला अडवले हे खरे असले, तरी त्याच्या उतरण्याचा दोष कादंबरी केवळ त्या व्यवस्थेवर टाकत नाही. म्हणूनच तिची नंतरची पत्रे वाचताना वाचकाची सहानुभूती चक्रधरापासून हळूहळू ढळत जाते.

अखेर हॅर्टा समुद्राला जवळ करते. या शेवटाला अतिनाट्याचा आक्षेप घेता येईल. परंतु प्रतीकांच्या अंगाने पाहता तो अटळ ठरतो. तिला माणूस म्हणून सामावून घेणारी जागा दोन किनाऱ्यांमधील पाणी हीच होती, आणि चक्रधर मुंबईत उतरल्यावर पुढच्या प्रवासात तिच्यापाशी तेवढेच उरले होते.