१०एस४पी : एका लेबलाचं रसग्रहण

‘३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास, ५०४ वॉट-तास, १०एस४पी. चार्जर ४२ व्होल्ट.’

इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरी पॅकवर साधारण एवढाच मजकूर असतो. दुकानात तो कुणी वाचत नाही. सगळ्यांची नजर ‘एका चार्जमध्ये ६० किलोमीटर’वर. खरा ऐवज मात्र या रुक्ष ओळीत आहे.

पॅक ३६चा, मग चार्जर ४२चा कसा? लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो, वापरात बराच वेळ ३.६च्या आसपास रेंगाळतो. असे दहा एकसर जोडले की भरल्यावर ४२, सरासरी ३६. तीसच्या जवळ आल्यावर आतली बीएमएस, म्हणजे पॅकवर पहारा ठेवणारी सर्किटची पट्टी, पुरवठा तोडते. हाच हिशेब उलटा लावला की लेबल न सांगितलेलंही सांगतं. पॅकवर ५१.२ दिसलं तर आत ३.२ व्होल्टचे सोळा सेल, म्हणजे लोह-फॉस्फेट रसायन: वजनाला जड, पण टिकाऊ आणि उष्णतेला कमी घाबरणारं.

आता ‘१०एस४पी’. या ओळीचा सगळा अर्क इथे आहे. १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर उंचीचे चाळीस सेल. चार-चार समांतर जोडून एक गट (हा ‘पी’), आणि असे दहा गट एकसर (हा ‘एस’). चढावर मोटरच्या कंट्रोलरने १५ अँपिअर मागितले तर ते चौघांत वाटले जातात, प्रत्येकावर पावणेचार. याच सेलचा १०एस२पी पॅक स्वस्त पडेल, हलकाही होईल. पण पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर प्रत्येक सेलला साडेसात अँपिअर ओढावे लागतील, व्होल्टेज खाली बसेल, पॅक तापेल आणि लवकर म्हातारा होईल. मला विचाराल तर पैसे ‘पी’वर खर्च करावेत.

‘एस’ची गोष्ट जरा कठोर आहे. पंगतीतून एक जण उठला की बाकीच्यांनीही हात धुवायचे, तसं इथे. दहापैकी एक गट रिता झाला की बीएमएस सगळ्यांनाच थांबवते, मग उरलेल्या नऊंत कितीही चार्ज असो. जुना पॅक दाखवतो अर्धा आणि चढावर बंद पडतो, तो बऱ्याचदा एका दुबळ्या गटामुळे.

५०४ हा आकडा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. ३६ गुणिले १४, बस्स. पायडल मारत गेलात तर किलोमीटरला दहा-बारा वॉट-तास धरावेत. म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर. नुसत्या थ्रॉटलवर गेलात तर बरेच कमी. (विमानात न्यायचा विचारही नको, प्रवाशाला परवानगीनिशी मुभा १६० वॉट-तासांपर्यंतच.)

लेबल ज्यावर गप्प बसतं ते दुकानदाराला विचारायचं: सेल कुणाचे, आणि बीएमएस किती अँपिअर सोसते? २०२२मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्यावर एआयएस-१५६ हे सुरक्षेचं मानक कडक झालं. पण २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली सायकल मोटार वाहनांत मोजलीच जात नाही. ते मानक नोंदणी लागणाऱ्या गाड्यांसाठी आहे. त्यामुळे इथे पारख गिऱ्हाइकानेच करायची.

घरी आणल्यावर वैरी दोन: उष्णता आणि टोकं. वैशाखात उन्हातून आलेला पॅक लगेच चार्जिंगला लावू नये. आधी निवू द्यावा. रोजच्या ये-जासाठी ८०-९० टक्के पुरतात. पावसाळ्यात सायकल महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर पॅक निम्मा भरून ठेवावा. पूर्ण भरलेला झिजतो, पूर्ण रिता ठेवला तर कायमचा जाऊ शकतो. चार्जिंग जागेपणी करावं, आणि घराच्या बाहेर पडायच्या वाटेवर तर नकोच.

लेबलाच्या कोपऱ्यात काट मारलेली कचरापेटी असते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुना पॅक परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवा घेतानाच विचारून ठेवावं, हा संपल्यावर आणून द्यायचा कुठे. उत्तर द्यायला दुकानदार अडखळला तर दुसरं दुकान बघावं.