गिगाहर्ट्‌झचा भुलावा

संगणकाचे दोन प्रोसेसर समोर आले, की ज्याचे गिगाहर्ट्‌झ जास्त तो वेगवान, असे आपण ठरवून टाकतो. ही तुलना अपुरी आहे. २००१ सालचे उदाहरण घेऊ. इंटेलचा एक पेंटियम ४ तेव्हा १.८ गिगाहर्ट्‌झवर चालत होता. एएमडीचा ॲथलॉन एक्सपी १८००+ केवळ १.५३ वर. तरीही अनेक चाचण्यांत ॲथलॉनच पुढे राहिला. असे का?

गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती उरकते, हे त्यातून कळत नाही. सायकलचा वेगही पायडलच्या फेऱ्या आणि दर फेरीला कापलेले अंतर यांच्या गुणाकारानेच ठरतो. पेंटियम ४ मध्ये आज्ञेचे काम २० टप्प्यांत विभागलेले होते. टप्पे लहान, म्हणून ठोके जलद. पण पुढच्या आज्ञेचा अंदाज चुकला, की अर्धवट काम टाकून पुन्हा सुरुवात. ॲथलॉनमध्ये साध्या पूर्णांकी कामाचे टप्पे १०च असल्याने हे नुकसान कमी होई.

मात्र एएमडीलाही आम्ही पूर्ण गुण देणार नाही. ‘१८००+’ हे मोजमाप नव्हे, नाव आहे. पण ग्राहकाला ते मेगाहर्ट्‌झसारखेच वाटते. शिवाय या ॲथलॉनला एसएसई२ आज्ञा येत नसत. त्या वापरणाऱ्या काही कामांत पेंटियम ४ सरस ठरे.

म्हणून शाळेसाठी संगणक घेताना खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. आपला नेहमीचा प्रोग्राम दोन्ही यंत्रांवर चालवून वेळ मोजावा. ‘हा आकडा कशाचा?’ हे आपण वर्गात विचारतोच, दुकानातही विचारावे.